पांढरीतलं घर

श्रावण सरत आला की आमच्या घरी एक वाद ठरलेला, आणि तो मला अजिबात आवडत नाही. पिपरी मेघेतल्या या घरात टीव्ही सुरू असतो, कुठल्या तरी जिल्ह्यात पाणी शिरलेलं असतं, बाया डोक्यावर गाठोडी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चाललेल्या असतात, आणि माझा जावई सोफ्यावरून म्हणतो, "आई, मले एक सांगा, मागच्या पुरात गेलेली घरं हे लोक परत तिथंच काऊन बांधतात? यांना अक्कल नाही का?" जावई स्वभावानं गरीब आहे, इंजिनिअर आहे, माझ्या गोळ्या-औषधांची काळजी माझ्या पोरीपेक्षा जास्त घेतो. त्याच्यावर तोंड टाकायला जीव होत नाही. "बापू, चहा थंड होऊन राह्यला," एवढंच मी म्हणते. पोरगी मला ओळखून आहे, ती चॅनल बदलते. मी जन्मभर शाळेत शिकवलं. उत्तर येत असून गप्प बसणाऱ्या पोरांचा मला भारी राग यायचा, त्यांना मी बाकावर उभं करत असे. आता माझंच तसं झालं आहे म्हणून लिहायला बसले. बोलायला गेलं तर माझ्याच्यानं पुरं होणार नाही.

आमचं गाव समुद्रपूरकडचं, वणा नदीच्या काठचं. गाव म्हणजे वरच्या अंगाला, आणि आम्ही खालच्या अंगाला. मागून नाला, पुढून नदी आणि मधे आमचा बुद्धपुरा. ही जागा आमच्या आज्यापणज्यांनी पसंत करून घेतली नव्हती. गावाला जी नको होती ती त्यांच्या वाट्याला आली, दुसरं काय! पण माणूस मोठा चिवट असतो. पिढ्यान्पिढ्या तिथं चुली पेटल्या, राख पडली, शेण पडलं, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, आणि ती जमीन पांढरी झाली. आमच्याकडे जमिनीच्या दोनच जाती, काळी आणि पांढरी. काळीत कापूस पेरायचा आणि पांढरीत राहायचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तिच्यावर मातीची भिंत टिकत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि बाबांना तर सगळ्यात जास्त, कारण बाबा मातीच्या भिंती घालत असत. आसपासच्या गावांतूनही त्यांना बोलावणं यायचं. कोणी विचारलं, वावरात घर बांधू का, की बाबा हसून म्हणायचे, "बांध नं. पण मले नोको बोलावू."

आमचं घर त्यांनीच घातलेलं. आत एक खोली, पुढे ओसरी, ओसरीपुढे उंच ओटा, वर कवेलू, म्हणजे कौलं. पहाटे माय ज्वारीच्या भाकरी थापायची, तो थपथप आवाज ऐकत आम्ही पडून राहायचो. माझ्या कुशीत सुजी असायची, म्हणजे सुजाता, माझी धाकटी बहीण. मी सातवी-आठवीत आणि ती अजून शाळेतही न जाणारी, इतकं आमच्यात अंतर. मधली दोघं जगली नव्हती. सुजी म्हणजे नुसती चिवचिव. भाकरीचा पापुद्रा तिला लागायचा, खालचा भाग ती माझ्या ताटात टाकायची, आणि मी ओरडले की "माय, वच्छी मारून राह्यली वं!" असं हात न लावताच बोंबलायची. पावसाळ्यात नाल्यात झिंगे यायचे. गिरजामावशी, म्हणजे आमची शेजारीण, फडक्यात धरून आणायची. माय ते तव्यावर लाल तिखट घालून परतायची, आणि सगळ्या पुऱ्याला वास सुटायचा. अंबाडीची आंबट भाजी, तिच्यावर जवसाच्या तेलाची धार. संध्याकाळी विहारात वंदना व्हायची. ते विहार म्हणजे तरी काय, बाबांनीच घातलेल्या चार भिंती आणि निळा दरवाजा. सुजी तिथं सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची आणि सगळं चुकीचं म्हणायची. बाबा डोळे मिटून बसलेले असायचे, पण त्यांच्या मिशा हलायच्या. आजही कुठं वंदना सुरू झाली की मला आधी तेच ऐकू येतं, आणि मी गर्दीत मागे जाऊन उभी राहते.

त्या वर्षी झड लागली होती. आमच्याकडे सततच्या पावसाला झड म्हणतात. एकदा लागली की सूर्य दिसत नाही, लाकडं ओली, कपडे ओले, चूल नुसती धुपते. सकाळची वेळ होती. नदीकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि पाणी मागून आलं, नाल्यातून. नदी फुगली म्हणजे ती नाल्याला आत घेत नाही, उलटं लोटते, हे मला आता कळतं. एकदम पळापळ झाली. बाबा शेळ्या सोडत होते, ज्वारीचं पोतं पाठीवर घेत होते. माझ्या डोक्यावर माझं दप्तर आणि भांड्यांचं टोपलं. गिरजामावशी पोरं गोळा करून वरच्या शाळेत नेत होती, एक खेप नेली की धावत परत यायची. मायनं पाहिलं, सुजी मावशीजवळ उभी आहे. मावशीनं पाहिलं, सुजी मायकडे पळत गेली. दोघींनी जे पाहिलं ते खरंच होतं. तेवढ्यात पाणी ओट्यावर चढलं.

शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही सगळे ओलेचिंब उभे होतो. मायनं मावशीला विचारलं, "सुजी कुठी हाये वं?"

"तुह्यापाशी नाई?" मावशी म्हणाली.

बस. एवढंच झालं. बाबा पोतं टाकून धावले तेव्हा खाली फक्त कवेलू दिसत होते. चार-पाच जणांनी त्यांना धरून ठेवलं. ते लोकांना चावत होते, लाथा मारत होते. माय ओरडली नाही. ती वऱ्हांड्याच्या कडेला उभी राहून एकेका पोराचं तोंड वळवून पाहत होती, लोकांची पोरं रडायला लागली तरी पाहत होती.

पाणी उतरल्यावर पुरुष माणसं काठाकाठानं खूप दूरवर जाऊन आली. खालच्या गावांत निरोप गेले. पोरगी सापडली नाही. आणि सापडली नाही म्हणून पुढचं सगळं झालं, असं मला वाटतं. काही दिवसांनी विहारातली जाणती मंडळी बाबांकडे आली. पुण्यानुमोदन करून घेऊ, पोरीच्या नावानं चार लोक जमू, वंदना घेऊ, असं हळू आवाजात म्हणाली. माय शाळेच्या खोलीत बसली होती, आमचा मुक्काम तेव्हा तिथंच होता. ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कायचं पुण्यानुमोदन? जित्या पोरीचं करता काय तुमी?" लोक खाली मान घालून निघून गेले. तिचं म्हणणं सरळ होतं. मेली असती तर भेटली असती. नाही भेटली म्हणजे कोणीतरी काढली असेल, खालच्या एखाद्या गावात कोणाच्या तरी घरी असेल. लहान आहे, गावाचं नाव तिला सांगता येत नाही. पण घर पाहिलं की ओळखेल.

इकडे सरकारनं वरती जागा द्यायच्या ठरवल्या. गावाच्या पलीकडे, उंचावर, कापसाचं एक मोठं वावर घेतलं आणि त्याचे तुकडे पाडले. नदी तिथून दिसतही नव्हती. पण होती ती काळी. लोक बाबांना चिडवू लागले, "आता काऊन बोलत नाई जी? काळीत बांधाचं का नाई, सांगा नं!" बाबा एकटे जाऊन ती जागा पाहून आले आणि मायला म्हणाले, "आपन वरतं जाऊ. भिंतीले भेगा पडन तं पडन, मी दरसाल लिपत जाईन. पन इथी नाई राहाचं आता. मले हे नदी पाहावत नाई."

"तुमी जा," माय म्हणाली. "वच्छीले घेऊन जा. मी इथीच राह्यतो."

"अवं, पन काऊन?"

"पोरगी येईन तं कुठी येईन? वरतं तिचं घर हाये काय? तिनं कधी पाह्यलं ते?"

बाबा पुष्कळ बोलले. समजावलं, रागावले, एकदा हातही उगारला आणि स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. मी त्यांच्या बाजूची होते, हे आज लिहिते. मला त्या जागेची भीती बसली होती. पण मायसमोर कोणाचं काही चाललं नाही. एक एक घर वर गेलं. खाली आम्ही राहिलो, आणि राहिली गिरजामावशी. तिच्या नवऱ्यानं तिला पुष्कळ सांगितलं, तर ती म्हणाली, "वच्छीची माय येईन तवा मी येईन." आयुष्यभर या दोघींमध्ये त्या सकाळचा विषय मी कधी ऐकला नाही.

तर बाबांनी घर पुन्हा बांधलं. मनाविरुद्ध बांधलं, आणि जन्मात इतकं चांगलं त्यांनी दुसरं बांधलं नाही. आमच्याकडे पडलेल्या घराची माती फेकत नाहीत. जुनी माती मुरलेली असते. ती भिजवायची, कुटार म्हणजे भुसा घालून तुडवायची आणि तिचीच भिंत पुन्हा घालायची. एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. घाई चालत नाही. बाबांनी पडलेल्या भिंतींचा ढीग केला, पुराचा गाळ त्यातून वेगळा केला, आणि माय त्या चिखलात उतरली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती दिवसभर माती तुडवायची. मी म्हटलं, "माय, मी येतो, तू बस." तर म्हणाली, "तू सैपाक पाय." ती फक्त बाबांना सूचना द्यायला तोंड उघडायची. दरवाजा होता तिथंच पाहिजे. खिडकी तेवढीच पाहिजे. ओट्याची पायरी थोडी वाकडी होती, ती वाकडीच पाहिजे. बाबांना वाकडं काम करता येत नसे. ती पायरी त्यांनी तीनदा घातली आणि तीनदा मोडली, शेवटी मायनं स्वतः हातानं ती तिरपी केली. घर उभं राहिलं तेव्हा मला भ्यायला झालं. काही बदललंच नव्हतं.

त्या घरात आम्ही काही वर्षं काढली. मायनं त्या दिवसानंतर नदीतलं, नाल्यातलं काही खाल्लं नाही. मावशी झिंगे आणेनाशी झाली. दिवसा आमचं दार कधी लागलं नाही. समुद्रपूरच्या बाजाराला माय मुद्दाम जायची, मीठ-मिरचीचं निमित्त. तिथं सुजीच्या वयाची पोरगी दिसली की तिची हनुवटी धरून कानामागं पाहायची, कारण सुजीच्या कानामागं तीळ होता. आणि दरवर्षी ती थोड्या मोठ्या पोरींना धरायची. एकदा एका बाईनं तिचा हात झटकला आणि "पोरं चोरते काय वं?" म्हणून चारचौघांत ओरडली. मी आता दहावीतली घोडी झालेली, मला लाज वाटली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माय शांतपणे म्हणाली, "नाई बाई, माह्यी पोरगी पाहून राह्यलो." आणि पुढच्या दुकानाकडे गेली. वरच्या वस्तीतली घरं खरोखरच तडकली होती, आणि लोक ज्याला त्याला भेगांमध्ये बोटं घालून दाखवत होते. बाबा तिथं भिंती लिपायला जायचे आणि संध्याकाळी खाली परत यायचे. पावसाळा लागला की ते ओट्यावर बसून नाल्याकडे पाहायचे.

मग पुन्हा एक झड लागली. कोतवाल दवंडी देत आला, वरतून पाणी येऊन राह्यलं, जागा खाली करा. भर दुपारची वेळ, पण अंधारून आलं होतं. नाला काळा झाला होता आणि उलटा फिरत होता, अगदी तसाच. मावशी गाठोडं घेऊन दारात आली, मायला हाक मारली, वाट पाहिली आणि शेवटी रडत रडत वर गेली. माय आतल्या खोलीत मधल्या खांबाला पाठ लावून बसली होती. बाबा म्हणाले, "उठ." ती म्हणाली, "तुमी जा." बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. मी त्यांना कधी कोणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी त्यांनी मायच्या पायांना हात लावला.

"आयक माह्यं. वच्छीकडे पाय. हे एक तं राहू दे आपल्याले."

"वच्छीले घेऊन जा म्हनतो नं मी."

"आन तू?"

"मी गेलो आन पोरगी आली तं?"

तेव्हा बाबा ते बोलले, जे इतकी वर्षं आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं. "सुजी मेली, वं. त्याच दिवशी मेली."

"तुमच्यासाठी मेली असन," माय म्हणाली.

बाबा उठले. कोपऱ्यात सब्बल, लोखंडी पहार, उभी होती ती त्यांनी घेतली. मला वाटलं ते मायला मारतात, आणि मी किंचाळले. पण ते मागच्या भिंतीकडे गेले. कुठं मारलं की भिंत खाली येते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? भिंत त्यांचीच होती. पहिल्या घावाला लिंपण पडलं, दुसऱ्या-तिसऱ्याला आतली माती भसकन खाली आली, वरची मयाल, छपराचं आडवं लाकूड, करकरली आणि कवेलू घसरू लागले. पाऊस सरळ चुलीवर पडायला लागला. माय उठून त्यांच्यावर धावली. तिनं त्यांचे केस धरले, पाठीत बुक्क्या मारल्या, दंडाला चावली. बाबा थांबले नाहीत. ते मोठमोठ्यानं रडत होते आणि मारत होते. मागची भिंत पडली, बाजूची अर्धी आली. मग त्यांनी सब्बल टाकली आणि म्हणाले, "नाई राह्यलं आता घर. चाल."

माय निघाली. आमच्या दोघांच्या पुढे, अनवाणी, वर शाळेपर्यंत. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

जावयाला सांगायचं तर मला बरंच सांगता येईल. त्यानंतरच्या एका पुरात ती सगळी जागा खरवडून गेली. आमचा ओटा गेला, विहार गेलं, मावशीच्या घराची खूणही राहिली नाही. आम्ही तिथं असतो तर आज हे लिहायला मी नसते. बाबांचं बरोबर होतं, जावयाचंही बरोबर आहे, मी कुठं नाही म्हणते? नदीच्या तोंडात घर बांधू नये. वरच्या काळीत आमचंही घर झालं, पण ते दुसऱ्यांनी घातलं, बाबांनी पुन्हा कधी कोणाची भिंत घातली नाही. खालची मुरलेली माती बैलगाडीनं वर आणू असं लोक म्हणाले, तर माय म्हणाली, "ते माती तिथंच राहू द्या." ते घरही तडकलं, आणि आम्ही त्यात राहिलो. हे सगळं मी जावयाला सांगू शकते. बाबांनी भिंत पाडली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र त्याला सांगता येत नाही.

सकाळी पाऊस थांबला होता. आम्ही तिघं खाली गेलो. नाला आपल्या जागी परत गेला होता. पाणी कुठवर चढलं ते चिखलावर स्पष्ट दिसत होतं. ते ओट्याच्या त्या वाकड्या पायरीपर्यंत आलं होतं आणि तिथूनच मागे फिरलं होतं. ओट्यावर गाळाचा कणसुद्धा नव्हता. बाबांनी पाडलं नसतं तर घर जसंच्या तसं उभं असतं. बाबा त्या पायरीकडे पाहत उभे राहिले. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

माय ओट्यावर चढली. आत वाकून पाहिलं. भिंतीची माती चुलीवर पडली होती, तिच्यावर फुटके कवेलू. मग ती बाबांकडे वळली. आवाजात राग नव्हता, घरात मीठ आहे का विचारावं तसं तिनं विचारलं.

"पोरगी आली तं तिले काय सांगू जी? घर पुरानं नेलं म्हनून सांगू, का बापानं पाडलं म्हनून?"

बाबा म्हणाले, "बापानं पाडलं म्हनून सांगजो. आली की सांगजो तिले."

आणि ते पायरीवर बसले. मायनं पदर खोचला आणि मातीतून शाबूत कवेलू वेचून एका बाजूला ठेवायला सुरुवात केली.